पडवीतली दिवसांची पाटी

सणाला किती दिवस उरले ते दाखवणारी ही पाटी. रोज मध्यरात्री एक वजा करायचा, एवढंच या यंत्राचं काम. तरी कोकणात बांधलेली अशी पाटी पहिल्याच पावसाळ्यात चुकू लागते, आणि ती वजाबाकी येत नाही म्हणून चुकत नाही. तिला आजची तारीख नीट ठाऊक नसते, नाहीतर ज्या दिवसाकडे ती मोजते आहे तो दिवसच चुकीचा भरलेला असतो. या दोन तारखा सांभाळल्या की पाटी वर्षानुवर्षं चालते.

साहित्य थोडकं आहे. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड), डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल, टीएम१६३७ या चिपवर चालणारा चार आकडी लाल डिस्प्ले, दोन बटणं, चार एलईडी, ३३० ओहमचे चार रेझिस्टर आणि पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर. घड्याळाची एसडीए वायर नॅनोच्या ए४ पिनला, एससीएल ए५ ला. डिस्प्लेची सीएलके डी२ ला, डीआयओ डी३ ला. बटणं डी४ आणि डी५ वरून ग्राउंडला, नॅनोच्या आतला पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिन पाच व्होल्टवर धरणारा रेझिस्टर) चालू करून. एलईडी डी६ ते डी९ वर, प्रत्येकाला आपापला रेझिस्टर. पाटीवर गणपती, शिमगा, जत्रा आणि एक मोकळी जागा अशी नावं रंगवायची आणि जे मोजणं चालू आहे त्याच्याशेजारचा एलईडी पेटवायचा. डावीकडचा आकडा प्रसंगाचा क्रमांक म्हणून वापरून एलईडी वाचवायचा मोह होतो, पण १ आणि २५६ शेजारी आले की पाहणारा बाराशे छप्पन्न वाचतो.

नॅनोच्या स्वतःच्या मिलिस मोजणीवर (सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) दिवस मोजू नयेत. त्याचा रेझोनेटर, म्हणजे वेळेचे ठोके देणारा भाग, अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो, म्हणजे दिवसाला सात मिनिटं. ती मोजणी ४९.७ दिवसांनी आपोआप शून्यावर येते आणि वीज गेली की त्याच क्षणी. म्हणून वेगळं घड्याळ हवंच. डीएस१३०७ स्वस्तात मिळतं आणि त्याची वर्षाला दहा मिनिटांची चूक दिवस मोजायला खरं तर चालण्यासारखी आहे. पण त्याचा क्रिस्टल, म्हणजे ठोके देणारा स्फटिक, चिपच्या बाहेर असतो. त्याच्या पायांतून वाहणारा प्रवाह इतका बारीक असतो की बोर्डावर ओल आणि मिठाचा पातळसा थर बसला तरी घड्याळ मागे पडतं किंवा थांबतं. डीएस३२३१ चा क्रिस्टल चिपच्या पोटात बंद असतो. ० ते ४० अंशांत त्याची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. समुद्राकाठी पैसे इथेच घालावेत.

मात्र या मॉड्यूलमध्ये एक खोट आहे आणि ती विकत घेताना कुणी सांगत नाही. झेडएस-०४२ छापलेलं जे निळं मॉड्यूल सगळीकडे मिळतं, त्यावर सेल चार्ज करणारा एक छोटा मार्ग आहे: २०१ लिहिलेला २०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला जोडून एक डायोड. तो एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलसाठी. आपल्याकडे दुकानात मिळतो तो सीआर२०३२, जो चार्ज करायचाच नसतो. मॉड्यूलला पाच व्होल्ट दिले की त्या तीन व्होल्टच्या सेलवर चारच्या वर व्होल्ट चढत राहतात. सेल फुगतो, मग गळतो आणि गळलेलं पाणी खालचे तांब्याचे मार्ग खातं. इलाज दोन मिनिटांचा आहे: सोल्डरिंग आयर्नने तो २०१ चा रेझिस्टर काढून टाकायचा. मग सीआर२०३२ बिनघोर बसवावा. वीज नसली तरी तो घड्याळ काही वर्षं चालवतो.

आता सगळ्यात जास्त पाट्या ज्याने बिघडतात ती गोष्ट. घड्याळाच्या लायब्ररीबरोबर (तयार कोडच्या संचाबरोबर) येणाऱ्या नमुना प्रोग्रॅममध्ये घड्याळ लावणारी एक ओळ असते. प्रोग्रॅम संगणकावर तयार झाला ती तारीख-वेळ ती घड्याळात भरते. पहिल्यांदा ती हवीच असते. ती तशीच ठेवली, तर नॅनो सुरू होईल तेव्हा तेव्हा ती पुन्हा चालते आणि घड्याळ त्या जुन्या तारखेवर नेऊन ठेवते. वीज क्वचितच जाते अशा ठिकाणी हे महिनोन् महिने कळत नाही. आपल्याकडे जून-जुलैत रोज दोनदा वीज जाते, त्यामुळे पाटी एकाच आकड्यावर अडकते किंवा उरलेले दिवस वाढायला लागतात. लोक सेल बदलतात, मॉड्यूल बदलतात आणि दोष प्रोग्रॅममध्येच राहतो. ती ओळ अटीत घालावी: घड्याळ खरोखर थांबलं होतं का, हे चिपला विचारायचं आणि हो म्हणाली तरच तारीख भरायची. डीएस३२३१ च्या ०एफ या नोंदीतला (रजिस्टरमधला) वरचा बिट नेमकं हेच सांगतो. खरं तर तेव्हाही जुनी तारीख भरण्यापेक्षा पाटीवर चार आडव्या रेघा दाखवाव्यात आणि बटणांनी तारीख भरून घ्यावी. रेघा दिसल्या की माणूस लक्ष घालतो. चुकीचा आकडा दिसला तर तो खराच मानतो.

नॅनोऐवजी वायफायवाली ईएसपी८२६६ चिप वापरून इंटरनेटवरून वेळ घेतली की हा त्रास संपतो असं वाटतं, पण दुसरा सुरू होतो. वीज परत आल्यावर ईएसपी दोन-चार सेकंदांत जागी होते, राउटरला दोन मिनिटं लागतात. तोवर तिच्या लेखी आज १ जानेवारी १९७० असते. तिथून १४ सप्टेंबर २०२६ पर्यंत २०,७१० दिवस होतात आणि चार आकडी डिस्प्लेवर त्यातले शेवटचे चार उमटतात: ०७१०. त्यामुळे वर्ष २०२५ च्या मागचं दिसलं तर काहीही न दाखवता थांबायचं, ही अट घालावी. भारतीय वेळेसाठी १९,८०० सेकंद मिळवायलाही विसरू नये. ते राहिले तर तारीख मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला बदलते. ज्या गावात खांब पडला की नेट चार दिवस येत नाही, तिथे ईएसपीलाही डीएस३२३१ जोडावं आणि नेटवरून फक्त अधूनमधून ते जुळवून घ्यावं.

आता दुसऱ्या तारखेकडे वळू, ज्या दिवसाकडे मोजायचं त्या. गणपती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, हे सगळ्यांना पाठ असतं, पण इंग्रजी तारीख दर वर्षी हलते आणि सारखी हलत नाही. २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर, २०२७ ला ४ सप्टेंबर. मधली अंतरं ३५४, ३८३ आणि ३५५ दिवस. चांद्र महिना सरासरी २९.५३ दिवसांचा, बारा महिन्यांचे ३५४ आणि थोडे, म्हणून सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. ही तूट भरायला अधिक महिना येतो, १९ वर्षांत सात वेळा. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे त्या वर्षी गणपती एकदम अठरा दिवस पुढे गेला. मागच्या तारखेत ३५४ मिळवणारा प्रोग्रॅम २०२६ ला जवळजवळ महिनाभर आधी गणपती आणतो.

तिथी गणिताने काढता येते, पण मेहनत वाया जाते. कारण नुसती तिथी पुरत नाही, ती दिवसाच्या कोणत्या वेळी हवी हेही प्रत्येक सणाचं वेगळं आहे. गणेश चतुर्थीला मध्यान्ही चतुर्थी लागते, होळीला प्रदोषकाळी पौर्णिमा, गोकुळाष्टमीला मध्यरात्री अष्टमी. हे सगळे नियम नॅनोच्या ३२ किलोबाइटमध्ये कोंबण्यापेक्षा पंचांग हाताशी घेऊन दहा वर्षांच्या तारखांचा तक्ता करून ठेवावा. त्याच निळ्या मॉड्यूलवर चार किलोबाइटची एक कायमची स्मृती आहे, पत्ता हेक्समध्ये ५७. एका तारखेला चार बाइट पुरतात, म्हणजे हजार तारखा मावतात. घरात जे पंचांग मानतात तेच घ्यावं. दोन पंचांगांत एखाद्या सणाला एका दिवसाचा फरक असतो आणि पाटीने घरच्यांशी वाद घालू नये.

काही दिवस तर पंचांगातही नसतात. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा कुठल्या तिथीला बांधलेली नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि जाहीर होते. तोवर पाटीवर त्या नावापुढे रेघा हव्यात, अंदाजाची तारीख नको. कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीला, ती तक्त्यात बसते. म्हणजे पाटीला दोन्ही सोयी लागतात: तक्ता आणि बटणांनी भरता येणारी तारीख. एक बटण दाबून धरलं की महिना, सोडून पुन्हा दाबलं की दिवस, दुसऱ्याने आकडा वाढवायचा. प्रसंगाच्या तारखेला वर्ष विचारूच नये. भरलेली तारीख उलटून गेलेली असेल तर पुढचं वर्ष धरायचं.

चाकरमानी घरात असतील तर गणपतीच्याही आधीचा एक दिवस मोजावा. पाटीवरची मोकळी जागा त्यासाठीच. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस न धरता. त्याआधी ही मुदत १२० दिवस होती आणि जुन्या प्रोग्रॅमांत अजून तोच आकडा सापडतो. २०२६ च्या गणपतीला १२ सप्टेंबरची गाडी हवी असेल तर १४ जुलैला सकाळी आठला तयार राहायचं. चतुर्थीच्या तारखेतून ६० वजा करू नयेत, प्रवासाच्या तारखेतून करावेत. गणपतीचा आकडा पाहून मन हरखतं, तिकीट मात्र या दुसऱ्या आकड्यावर मिळतं.

बंदरावरच्या घरांत पावसाळी मासेमारी बंदी मोजतात. बंदी १ जून ते ३१ जुलै, दोन्ही दिवस धरून ६१. इथे हमखास एकाची चूक होते. पाटीत ३१ जुलै भरली तर १ जूनला ६० दिसतात आणि बंदीच्या शेवटच्या दिवशी शून्य. यांत्रिक होडी ज्या दिवशी सुटू शकते तो दिवस, १ ऑगस्ट, भरावा. मग पहिल्या दिवशी ६१, शेवटच्या दिवशी १. नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मगच दर्यात जाणाऱ्यांनी तक्त्यातली पौर्णिमा घ्यावी.

वजाबाकीत दोनच सापळे आहेत. दोन वेळांमधले सेकंद काढून भागले, तर १३ सप्टेंबरला सकाळी दहाला गणपतीला चौदाच तास उरलेले असतात आणि उत्तर शून्य येतं. आधी दोन्ही तारखांचे दिवसक्रमांक काढायचे, वेळ बाजूला ठेवायची, मग वजा करायचं. दुसरा सापळा नॅनोचा: त्याचा साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो, त्यामुळे २४ गुणिले ६० गुणिले ६० असं लिहिलं की ८६,४०० ऐवजी २०,८६४ येतात. एका आकड्याला लाँगची, म्हणजे मोठ्या पूर्णांकाची, खूण जोडली की सुटतं.

ई-पेपरचा पडदा दिसायला देखणा, डोळ्यांना सौम्य, आणि दिवसातून एकदाच बदलायचा असल्याने बॅटरीवर महिनोन् महिने चालतो. पण वीज संपली तरी त्यावरचं चित्र जात नाही. मेलेली पाटी जिवंत दिसते. ई-पेपर घेतला तर आकड्याखाली आजची तारीख छोट्या अक्षरांत छापावीच.

आता हवा. खाऱ्या वाऱ्यात तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तसाच बोर्डावरही चढतो. टोचून बसवायच्या जंपर वायर पहिल्या पावसाळ्यापुरत्या. आतली टोकं काळी पडतात आणि डिस्प्ले लुकलुकायला लागतो. सगळे जोड सोल्डर करावेत, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स (सोल्डरबरोबरचं चिकट द्रव्य) पुसून काढावा आणि पूर्ण वाळल्यावर अॅक्रिलिक कॉन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्ड झाकणाऱ्या पातळ लेपाचे) दोन हलके हात द्यावेत. फ्लक्स ठेवून वर कोटिंग दिलं तर ओल आतच कोंडते. सेलची जागा, बटणं आणि यूएसबीचं तोंड आधी टेपने झाकावं. पेटीच्या फटी भरायला शिरक्यासारखा वास येणारा सिलिकॉन कधीही वापरू नये. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेला मागून घ्यावा.

पेटी हवाबंद करायची धडपडही नको. जुलैत सिलिका जेलची पुडी थोड्याच दिवसांत भरते आणि मग ती आत ओल धरून बसते. त्यापेक्षा तळाला दोन बारीक भोकं ठेवावीत, त्यांवर मुंग्या आणि पाल आत जाऊ नये म्हणून बारीक जाळी. चोवीस तास चालू राहणारा बोर्ड किंचित कोमट असतो, तेवढी ऊब आतली हवा कोरडी ठेवायला पुरते. मुंग्यांना मात्र हीच ऊब आवडते, म्हणून जाळी टाळू नये. फणसाच्या फळीची पेटी केली तर बटणांची भोकं मिलिमीटरभर सैल ठेवावीत. पावसात लाकूड फुगतं आणि बटण दाबलेलंच राहतं. चिऱ्याच्या भिंतीला पाटी थेट टेकवू नये, मागे बोटभर जाडीच्या दोन पट्ट्या ठोकाव्यात. समोर लाल अॅक्रिलिकचा तुकडा लावला की पडवीतल्या दुपारच्या उजेडातही आकडे वाचता येतात. डिस्प्लेला तेजाच्या आठ पायऱ्या आहेत, रात्री सर्वांत खालची पुरे.

वीज गेल्यावरही आकडा हवा म्हणून पॉवर बँक लावणार असाल तर आधी तपासून घ्या. पाटीचा प्रवाह इतका कमी असतो की बऱ्याच पॉवर बँका कुणी जोडलेलंच नाही असं समजून बंद होतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की चार्जर प्लगमधून काढावा. सेल आत आहे, तारीख जात नाही.

भिंतीवर चढवण्यापूर्वी तीन गोष्टी टेबलावरच करून बघा. घड्याळ १३ सप्टेंबर २०२६, रात्री ११:५९ ला लावा आणि १ चा ० होतो का पाहा. मग १४ तारखेची रात्र ओलांडू द्या: आकडा ३५४ हवा, ४ सप्टेंबर २०२७ पर्यंतचा. पुढची तारीख भरलेली नसेल तर रेघा. शेवटी चार्जर काढून अर्धा तास थांबा, पुन्हा लावा आणि तोच आकडा परत येतो का ते बघा.