सागाच्या गावात, चालियारच्या काठी

केरळातल्या निलंबूरला बहुतेक लोक अर्ध्या दिवसासाठी येतात. उटीला जाता-येता गाडी थांबवायची, सागाचं संग्रहालय बघायचं, कॉनॉली प्लॉट या सागाच्या जुन्या लागवडीतल्या एखाद्या बुंध्याला मिठी मारून फोटो काढायचा आणि नाडुकाणी घाटाला लागायचं. मी तिथे पावसाळाभर राहिले. काम लॅपटॉपवरचं, कुठूनही करता येणारं. आणि मुंबईच्या गोदीबद्दल वाचताना मलबारच्या सागाचा उल्लेख इतक्यांदा आला होता की तो साग जिथला, ते गाव नीट बघायचं मनात होतं.

मुंबईचा आणि या रानाचा संबंध जुना आहे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे पिढ्यान् पिढ्या इथे जहाजं बांधली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय, आणि त्याचं लाकूड मलबारचं आहे. इंग्लंडला स्वतःचा ओक पुरेनासा झाला, तेव्हा आरमाराची नजर या सागावर पडली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला मलबारचा वनसंरक्षक नेमून कंपनीने सागाचा मक्ताच स्वतःकडे घेतला. लोकांची ओरड इतकी वाढली की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने तो रद्द केला. पण ओढून नदीपर्यंत आणता येईल असा साग तोवर झपाट्याने विरळ झाला होता. गेट वेजवळून गोदीच्या भिंतीला लागून मी कितीदा तरी चालत गेले आहे. त्या भिंतीपलीकडच्या जहाजांसाठी इथली रानं रिकामी झाली, हे मला निलंबूरला येईपर्यंत इतकं जवळून कळलं नव्हतं.

मग आला कॉनॉली, मलबारचा कलेक्टर. १८४० च्या दशकात त्याने ठरवलं की साग लावायचा. सांगायला सोपं, पण सागाचं कवच कठीण, बी रुजायला तयार नाही. पहिले प्रयत्न फसले. हे काम मार्गी लावलं ते चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने. बी भिजवायचं, वाफ्यात लावायचं, वरून गवत पसरून ओल टिकवायची, अशी रीत बसवत त्यांनी वर्षानुवर्षं लागवड चालू ठेवली. कॉनॉलीचा १८५५ मध्ये कोझिकोडला खून झाला. मेनन त्यानंतरही झाडं लावत राहिले. प्लॉटला नाव मात्र कॉनॉलीचं. मला हे बरोबर वाटत नाही. तिथे गेलात तर मेनन यांचं नाव मुलांना आवर्जून सांगा.

त्या जुन्या लागवडीतला बराचसा साग दुसऱ्या महायुद्धात तोडला गेला, उरला तो २.३१ हेक्टरांचा तुकडा. चालियार नदीपलीकडे आहे. पावलं ओल्या पाचोळ्यात रुततात आणि वर बघितलं तर सरळसोट खोडांच्या टोकाला कुठेतरी पानं. पावणेदोनशे वर्षांची झाडं!

गावाभोवतीच्या नव्या लागवडी वेगळ्या. जूनच्या सुरुवातीला एके सकाळी माझ्या घरासमोरचा साग अर्धा उघडा दिसला, आठवड्याभरात पार निष्पर्ण. मी घाबरून घरमालकिणींना विचारलं; त्यांना मी चेची, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे. त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं: धाग्यांना लोंबकळणाऱ्या हजारो अळ्या. पहिल्या सरींनंतर सागाला कोवळी पालवी फुटते आणि एका पतंगाच्या या अळ्या ती फस्त करतात. इथे हे नेहमीचंच आहे. केरळ वन संशोधन संस्थेचं निलंबूरला उपकेंद्र आहे आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी या किडीचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. अळ्यांना मारणारा एक विषाणू वापरून रासायनिक कीटकनाशकांविना बंदोबस्त करता येतो का, हेही त्यांनी तपासलं. झाड मरत नाही, पुन्हा पालवतं, पण त्या वर्षीची वाढ खुंटते. एकाच जातीची झाडं मैलोनमैल लावली की त्यांच्यावर जगणाऱ्यांचीही चंगळ होते. रान आणि लागवड यांतला फरक मला त्या आठवड्यात दिसला.

जुलैत पाऊस रोजचा झाला. सागाच्या ताटाएवढ्या पानांवर तो पडतो तेव्हा फोनवर बोलणं अशक्य होतं. याच दिवसांत सागाला मोहर येतो, पांढुरका, झाडाच्या डोक्यावर तुऱ्यांनी भरलेला.

चहाच्या टपरीवर एक वृद्ध गृहस्थ भेटायचे. सगळे त्यांना ‘इक्का’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. तरुणपणी ते लाकडाच्या डेपोवर हमाल होते. सुलेमानी म्हणजे बिनदुधाचा चहा पुढे ठेवून, मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी ते सांगत. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून त्याच्या बाजूंना बांबू बांधायचे. असे तराफे त्यांच्या वडिलांच्या काळात चालियारमधून खाली जात, थेट कोझिकोडजवळच्या कल्लायीपर्यंत. कल्लायीची वखार एकेकाळी जगातल्या मोठ्या लाकूडबाजारांत गणली जाई. डेपोत ओंडके रचायचं काम हत्तींचं. “हत्तीला ओरडायचं नाही,” इक्का म्हणाले, “ओंडका सरकला तर आधी त्याला कळतं, मग आपल्याला.”

डेपो अजून आहेत. अरुवाकोडला वनखात्याच्या डेपोत ओंडके प्रतवारीने रचलेले असतात, टोकांवर क्रमांक घातलेले, आणि त्यांचा लिलाव होतो. आपल्याकडे आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाला जो मान आहे, तोच इथे निलंबूरच्या सागाला.

इथे नदीबद्दल बोलताना मात्र लोकांचा आवाज बदलतो. ८ ऑगस्ट २०१९ ला जवळच्या पोत्तुकल पंचायतीतल्या कवळप्पाराला डोंगर खचला, ५९ माणसं गेली. त्यांतल्या ११ जणांचे मृतदेह मिळालेच नाहीत. निलंबूर गावातही तेव्हा पुराचं पाणी शिरलं. चेचींनी मला भिंतीवरची खूण दाखवली, रंग दिला तरी ती त्यांनी राहू दिली आहे. मग ३० जुलै २०२४. वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला ही गावं दरडीखाली गाडली गेली, आणि तिथल्या माणसांचे देह डोंगर उतरून चालियारमधून पोत्तुकलपर्यंत वाहत आले. इथली पोरं दिवसेंदिवस नदीत उतरून शोध घेत होती. शवविच्छेदन निलंबूरच्या रुग्णालयात झालं.

तारीख ऐकून मी थांबले. आपलं माळीण गाडलं गेलं ते २०१४ सालच्या ३० जुलैलाच. मी चेचींना माळीणबद्दल सांगितलं, इर्शाळवाडीबद्दलही. त्यांनी माळीणला पुढे काय झालं, लोकांना घरं मिळाली का, मुलं शाळेत जातात का, हे सगळं खोदून विचारलं. मला सगळी उत्तरं देता आली नाहीत, परतल्यावर मी ती शोधून त्यांना कळवली. त्या पावसाळ्यात रात्री जोर वाढला की चेची उठून नदीचा आवाज ऐकत, आणि मग मलाही झोप लागत नसे.

जाणार असाल तर रेल्वेनेच जा. कोकण रेल्वेने शोरनूर, तिथून निलंबूर रोडची ६६ किलोमीटरची शाखा. ही लाईन १९२७ च्या सुमारास आली ती मुख्यतः लाकडासाठी. महायुद्धात रूळ उखडून नेले, स्वातंत्र्यानंतर पुन्हा घातले. आजही गाडी सागाच्या बागांमधून, फलाटांवरच्या वडांखालून जाते. खिडकी सोडू नका. संग्रहालयाला दोन तास तरी द्या, सागाचं उपटून मांडलेलं अख्खं मूळ बघाच. मुक्काम गावातच करा, आणि सकाळी पत्तिरी, म्हणजे तांदळाची पातळ भाकरी, खा.

वेळ असेल तर परतताना नदीबरोबर बेपूरला उतरा. चालियार तिथेच समुद्राला मिळते आणि तिथल्या गोदीत ‘उरू’ म्हणजे लाकडी गलबतं अजून बांधली जातात. कागदावर नकाशा नसतो, मेस्त्रीच्या डोक्यात असतो. तयार उरू पाण्यात उतरवायचं काम खलाशांचं (इथे खलाशी म्हणजे अवजड ओझी हलवणारे कामगार), दोर, कप्प्या आणि गोल ओंडके वापरून. मी गेले तेव्हा एकाच्या फासळ्या नुसत्या उभ्या होत्या. गिऱ्हाईक आखातातलं आहे, मेस्त्री म्हणाले, आणि अजून वर्षभराचं काम बाकी आहे.