राणी तोंड मारते तेव्हा

राणी ही आमची पाळलेली सापीण. ती आमच्या मानपाड्याच्या घरी आली तेव्हा तिच्या काचेच्या टाकीजवळून नुसतं गेलं तरी मान मागे खेचून फुसफुसायची. ‘रागीट आहे’ म्हणूनच आधीच्या मालकांनी ती देऊन टाकली होती. ती बॉल पायथन जातीची, म्हणजे अजगराच्या कुळातली, मूळची पश्चिम-मध्य आफ्रिकेतली, बिनविषारी. (नाग, धामण, आपला अजगर घरात पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. राणी परदेशी जातीची असली तरी तिची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी आहे. कागदपत्रं नसतील तर असा साप घेऊच नका.)

मला तिच्यात राग कधी दिसलाच नाही. हा साप दिवसा बिळात, वारुळात दडून राहणारा. तिच्या वाट्याला मात्र चहूबाजूंनी काच, पाण्याचं भांडं आणि डोक्यावर ट्यूबलाइट. पळायला वाट नाही, लपायला आडोसा नाही. मग ती तोंड मारणार नाही तर काय करणार?

म्हणून आधी टाकी बदलली. अंगाला भिडतील अशा दोन लपायच्या जागा केल्या, एक उबेच्या टोकाला 31-32 अंशांवर, दुसरी गार टोकाला 26च्या आसपास. ठाण्यात मे महिन्यात ते गार टोक गार ठेवणं हेच खरं कष्टाचं काम. तीन बाजूंना काळा कागद लावला आणि टाकी वॉशिंग मशीनपासून दूर नेली. सापाला बाहेरून कान नसले तरी थरथर जबड्यातून नेमकी कळते.

मग हाताची गोष्ट. वरून आलेला हात तिच्या लेखी शिकारी पक्षीच, म्हणून मी बाजूने, अंगाच्या मध्यावर हात लावते. घाबरली की मान ‘एस’सारखी मागे जाते, अंग फुगतं, नाहीतर डोकं लपवून घट्ट वेटोळं होतं. भुकेली असली की उलट मान पुढे आणि जीभ भराभर. वरच्या ओठावरच्या खळग्यांना हाताची ऊब जाणवते आणि ती भक्ष्य समजून झडप घालते. तेव्हा आधी हुकने, म्हणजे साप उचलायच्या आकडीने, अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे जेवण नाही हे तिला कळतं. तिला खायला द्यायच्या उंदराला हात लागला असेल तर तो आधी साबणाने धुवायचा. खाल्ल्यावर दोन दिवस आणि डोळे निळसर-दुधाळ झाल्यापासून कात पडेपर्यंत तिला अजिबात उचलत नाही.

एवढं करूनही शांत साप अचानक बिथरला, तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, तर स्वभावाला बोल लावत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे त्याच दिवशी न्या, उशीच्या सुती अभ्र्यात घालून, अभ्र्याच्या तोंडाला गाठ मारून.