हिनं पाणी कधी प्यायलं?

"पूर्वी तुमच्या गोष्टींतल्या बायका कानाखाली वाजवायच्या. आता बाथरूम शोधत फिरतात. असं काय झालं?"

हा प्रश्न पहिल्यांदा एका वाचक मेळाव्यात आला तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले. मग तो फोनवर आला, लग्नात जेवणाच्या रांगेत आला, सख्ख्या मावशीनं विचारला, आणि मागच्या महिन्यात एका प्राध्यापकांनी 'स्त्रीप्रतिमेचं आकुंचन' अशी शाल पांघरून तोच पुन्हा विचारला. दर वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून मी वेळ मारून नेते. आता एकदाच सांगून टाकते. तुम्ही विचारलंत म्हणून.

आधी कबुली. ज्या खंबीर नायिकांची तुम्हाला आठवण येते, त्या सगळ्या मिळून एकच बाई होती. तलाठी, नर्स, किराणा दुकानवाली, कंडक्टर: साडी बदलायची, आतली बाई तीच. बोलायचीसुद्धा माझ्यासारखी. म्हणजे घरातल्या माझ्यासारखी नव्हे, वक्तृत्व स्पर्धेतल्या माझ्यासारखी. कॉलेजात 'स्त्रीपुरुष तुलना'वाल्या ताराबाई शिंदे हाती लागल्या त्याचा हा परिणाम. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागं गेली, पण बायकोसाठी त्या वाटेवर एक पाऊल तरी टाकणारा नवरा कुणी पाहिलाय का, असं बुलढाण्याची ही बाई 1882 साली छापून विचारते. ते वाचून मी अशी पेटले की पुढची पंधरा वर्षं माझी प्रत्येक नायिका त्यांच्या तोंडानं बोलत राहिली. एवढं मात्र ध्यानात आलं नाही की ताराबाईंनी निबंध लिहिला होता. निबंधात समोरच्याला गप्प बसवता येतं. गोष्टीत त्यालाही जीभ द्यावी लागते, ती मी देत नव्हते.

आणखी एक लबाडी सांगते. बाई खंबीर करायची तर मी आधी तिचं घर रिकामं करून घ्यायचे. सासू वारलेली, नवरा अपघातात गेलेला, मूल झालेलंच नाही, माहेर लांब. कुकर लावायला कुणी वाट बघत नसलं की संध्याकाळी सात वाजता कुठलीही बाई भाषण ठोकू शकते.

आता त्या थपडेच्या गोष्टीविषयी. 2022 च्या एका दिवाळी अंकात आली होती, तुमच्यातल्या बहुतेकांनी वाचलीय. कुंभार्ली घाट, रात्रीची एसटी, कॉलेजच्या मुलीच्या अंगावर रेलणारा दारुडा. कंडक्टर वत्सला बेल मारून गाडी थांबवते, त्याच्या कानाखाली जाळ काढते, अंधारात त्याला खाली उतरवते. अख्खी गाडी टाळ्या वाजवते. मला इतके फोन त्याआधी कधी आले नव्हते, त्यानंतरही नाहीत.

पुढच्या मे महिन्यात पाटणकडच्या एका लहानशा वाचनालयात ती गोष्ट मी वाचली. कार्यक्रम संपला, चहा झाला, खुर्च्या उचलायला लागले. दाराशी खाकी गणवेशातली एक बाई उभी होती. ड्युटी संपवून थेट आलेली, चप्पल धुळीनं पांढरी. हातात वाचनालयाचा शिक्का मारलेला तोच अंक.

"मॅडम, ही वत्सला कुठल्या डेपोची?"

"काल्पनिक आहे," मी म्हटलं.

"तरीच. हिनं दोन बेल मारून गाडी थांबवली. दोन म्हणजे चल. थांबायला एक."

मी हसले. ती नाही हसली. तिनं अंक उघडला. बॉलपेननं समासात बारीक खुणा केलेल्या, कंडक्टरच्या हिशेबाचं वे-बिल तपासावं तशा. एकेका खुणेवर बोट ठेवत ती बोलायला लागली. आवाज चढलेला नाही, राग नाही.

"थप्पड उजव्या हातानं मारली. तिकिटाचं मशीन कुठं होतं तवा? आणि बॅग? गाडीत दंगा झाला की कंडक्टरचा पहिला हात बॅगेवर जातो. कॅश कमी आली तर खिशातनं भरायची."

पुढची खूण.

"रात्री घाटात माणूस उतरवला. दरीत गेला, मागनं येणाऱ्या ट्रकखाली आला, तर चौकशी कुणाची? दारुड्याची?"

"मग काय करतात?"

"गाडी चौकीला न्यायची. पण सगळ्यांचा खोळंबा होतो. मग तुमच्या गोष्टीत टाळ्या वाजवणारी हीच माणसं तुमच्यावर ओरडतात."

शेवटची खूण पहिल्याच पानावर होती. पान मागं उलटून तिनं ती दाखवली.

"ही पहाटे पाचला घरातनं निघाली. रात्री आठला घाटात हाय. एवढी ड्युटी नसती, पण असू दे. हिनं पाणी कधी प्यायलं? आणि प्याली असंल तर गेली कुठं?"

मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "आम्ही पीतच नाय. घोटभर. ओठ ओले करण्यापुरतं."

थोडी सावरल्यावर मी विचारलं, असा प्रसंग तुमच्यावर कधी आला का? "आला की. गेल्याच महिन्यात." पाटणला गाडी भरली. खिडकीशी मुलगी, शेजारी तो. मुलगी आक्रसून काचेला चिकटलेली. हिनं पाहिलं, तिकीट फाडलं आणि मुलीला म्हणाली, "ये गं, माझ्या डब्याच्या पिशवीवर जरा लक्ष ठेव." मुलगी कंडक्टरच्या सीटवर जाऊन बसली. मग ही स्वतः त्या माणसाला खेटून उभी राहिली, बॅग दोघांच्या मध्ये घेऊन. तिथून हेळवाक, अख्खा घाट, पार खाली पोफळीपर्यंत. वळण आलं की तो अंगावर झुकायचा आणि बॅगेवर आपटायचा. 17 मार्चला बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सुट्ट्या पैशांची सगळी उलथापालथ चाललेली. "त्यामुळं त्या दिवशी बॅगेत चिल्लर बक्कळ होती," ती म्हणाली. "बरं झालं. त्याच्या डोक्याला लागत होती."

एवढंच झालं. पोफळीला तो उतरून गेला. मुलीनं पिशवी परत दिली, थँक्यू म्हणाली, कानात इअरफोन घातले. टाळ्याबिळ्या काही नाहीत.

"मग मी हे असं लिहायला हवं होतं," मी म्हटलं. खरंच तसं वाटलं होतं, पण ते तिला बरं वाटावं म्हणूनही म्हटलं असणार.

"छे! कशाला?" ती चमकलीच. "ही मी तीनदा वाचली. लेकीला वाचून दाखवली."

"अहो, आत्ता तुम्ही इतक्या चुका काढल्यात."

"चुका हायतच. पण एकदा तरी तसा हात उचलावा असं वाटतंय ना आमाला. ते लिवलंय तुम्ही." अंक पिशवीत टाकून ती वळली आणि वळता वळता म्हणाली, "फक्त पुढच्या वेळी तिला पाणी पाजा."

घरी येऊन मी ती दुसरी गोष्ट लिहिली. चिल्लरीची. एका संपादकांनी फोन करून सांगितलं, छान आहे, पण शेवट कुठाय? दुसऱ्यांनी ठेवून घेतली आणि वर्षानं परत केली. तिसरीकडे छापून आली. त्या गोष्टीवर मला दोन फोन आले. त्यातला एक राँग नंबर होता.

तेव्हा 'असं काय झालं' विचारणाऱ्यांनो, हे झालं. तेव्हापासून वत्सला सोडून दुसरी बाई लिहायला बसले की आधी विचारते: ही उठली किती वाजता, डबा कुणी भरला, पाळी आलीय का, पाय कुठं दुखतो, हिच्याकडे सुट्टे किती आहेत. याला आकुंचन म्हणत असाल तर म्हणा.

इथं माझा आवाज जरा चढतो, माफ करा. 'करमणूक' साप्ताहिकात 1890 पासून हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधली यमू आपली हकीकत सांगत होती. आजच्या चर्चासत्रात तिला कुणी खंबीर म्हणणार नाही. तिचं केशवपन होतं, तिला ते थांबवता येत नाही. पण घरातलं बारीकसारीक ती स्वतःच्या तोंडानं सांगते, आणि सव्वाशे वर्षं उलटली तरी आपल्याला तिची मान खाली घातलेली दिसते. 'शांतता! कोर्ट चालू आहे' नाटकातली बेणारेबाई 1967 पासून शेवटचं ते एवढं मोठं बोलतेय, स्टेजवरचं कुणी ऐकत नाही, आणि तिचं बोलून झालं की खटला आहे तिथून पुढं सुरू होतो. तेंडुलकरांनी तिला न्यायाधीश होऊन बसलेल्या काशीकरांच्या कानाखाली वाजवायला लावलं असतं तर आपण शिट्ट्या मारल्या असत्या. पण घरी जाऊन झोपलोही असतो.

हे सगळं मी छान बोलते. बोलून झाल्यावर मात्र मला एक मुलगी आठवते. एका कॉलेजात हेच सगळं ऐकून ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, सांभाळून घेणारी बाई आम्हाला घरी रोज बघायला मिळते. गोष्टीत पण तीच? मग आम्ही बघायचं कुणाकडे?" मी काहीतरी उत्तर दिलं, टाळ्याही पडल्या. तिचं समाधान झालं नव्हतं. माझंही नाही. घाटात अंगाची भिंत करून उभं राहणं ही ताकद आहे, यात मला शंका नाही. पण मी ते सुंदर करून लिहिलं की उद्या कुणी म्हणायचं, बघा, आमच्या बायकांना थप्पड मारायची गरजच पडत नाही. ते त्यांच्या किती सोयीचं! आणि दुसरी भीती अशी की पूर्वी माझ्याकडे थपडेचा साचा होता, आता बाटलीचा झालाय की काय. मागच्या नऊ गोष्टी काढून पाहिल्या. सातात पाणी आहे.

चिल्लरीची गोष्ट छापून आल्यावर अंक मी त्या बाईंना पोस्टानं पाठवला होता. पंधरा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं. "वाचली. बरोबर लिहिलंय सगळं. लेक म्हणाली पहिली जास्त भारी होती. मी काय बोलले नाय." खाली दुसरा मेसेज: "स्टीलची बाटली कंडक्टर नेत नाही. जड होते. बिसलेरीची मोकळी झालेली नेतो."

बाटली मी बदलून घेतलीय.