मोरिबची वाळू

हिरोशिमात राहायला लागून चार वर्षं झाली, पण अणुबॉम्ब टाकणं बरोबर होतं का, या प्रश्नावर मला खरं कोंडीत पकडलं ते लालबागच्या चाळीत, नानाकाकांनी.

गणपतीसाठी रजा काढून आले होते. खाली दर्शनाच्या रांगांचा गलका, वर गॅलरीत आम्ही दोघं, मध्ये चिवडा गल्लीतून आणलेला चिवडा. काकांनी विचारलं, "तिकडे आपल्या आबांचं काय सांगतेस गं?"

आबा म्हणजे माझे आजोबा. 1945 साली ते पलटणीत होते. ब्रह्मदेश आटोपला होता, पुढची उडी जपानच्या ताब्यातल्या मलायावर, म्हणजे आजच्या मलेशियावर. मोहीम इंग्रजांची, पण किनाऱ्यावर उतरणारे बरेचसे आपलेच जवान. तेवढ्यात 15 ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली. उतरायचं ठरलं होतं ते उतरलेच, 9 सप्टेंबरला, मोरिबच्या किनाऱ्यावर. गाड्या वाळूत रुतल्या. आबा ही गोष्ट आम्हाला हसवायला सांगायचे: "जीप ढकलून कंबर मोडली, पण समोरून एक गोळी आली नाही!"

"का नाही आली?" काका म्हणाले. "बॉम्ब पडला म्हणून. नाहीतर म्हातारा त्या वाळूतच राहिला असता. माझा जन्म 48 चा. म्हणजे मी नाही, तुझा बाप नाही, तू तर नाहीसच."

माझ्याकडे वाचलेली उत्तरं होती. नागासाकीवर बॉम्ब पडला त्याच दिवशी रशियाने जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात फौजा घुसवल्या. जपान कशाने नमला यावर इतिहासकार अजून भांडतात. काकांनी चिवड्यातले दाणे वेचत सगळं ऐकून घेतलं.

मग मी त्यांना हिरोशिमाच्या बॉम्ब-संग्रहालयातली सायकल सांगितली. तीनचाकी, गंजून तांबडी झालेली. तीन वर्षांचा पोरगा घरासमोर ती चालवत होता, त्याच रात्री गेला. बापाने त्याला सायकलीसकट अंगणात पुरलं आणि चाळीस वर्षांनी, 1985 मध्ये, उकरून काढलं. त्या काचेसमोर मी पाच मिनिटांवर उभी राहू शकत नाही.

काका गप्प. मग म्हणाले, "आणि मार्चमध्ये टोकियो जाळलं, एका रात्रीत लाखभर माणसं गेली, तीही साध्या बॉम्बनी. तिथल्या पोरांच्या सायकली कुठे ठेवल्यात?"

याला उत्तर नाही. निदान माझ्याकडे नाही. पण नागासाकीवर मी हटले नाही. हिरोशिमात काय झालं हे टोकियोला नीट कळेपर्यंत तिसऱ्या दिवशी दुसरा बॉम्ब. तोही कोकुरा शहरासाठी निघालेला. तिथे ढग आणि धूर होता म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. आणि क्योटो वाचलं, कारण अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिम्सन यांनी ते यादीतून खोडलं. त्यांनी ते शहर स्वतः पाहिलेलं होतं. जीव वाचवायचा हिशेब म्हणता, काका, तर मग त्यात ढग कुठून आले?

"आबांच्या नशिबी पण ढगच होते म्हण," काका उठता उठता म्हणाले. आरतीची वेळ झाली होती.

परत आल्यावर पुन्हा तीच ट्रॅम, बॉम्बनंतर तसाच ठेवलेल्या त्या मोडक्या घुमटाशेजारून जाणारी. ऑफिसात कुणी विचारलं, आजोबा काय करायचे, तर मी 'कापडगिरणीत होते' एवढंच सांगते. खोटं नाही ते. मलायाहून सुटून आल्यावर आबा खरंच लालबागला गिरणीत लागले होते.