संदर्भात निघाला सातबारा

ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करणारा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आला. निफाडकडचा, घरची द्राक्षबाग, आणि प्रबंधही द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगांचा. सोमवारी प्रबंध जमा करायचा होता. "सर, संदर्भसूचीवर फक्त एक नजर टाका. झोटेरोत सगळं लावून ठेवलंय."

झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं लावलेलं होतंच. प्रत्येक नोंदीखाली पीडीएफ, प्रत्येक फाइलला लेखक, साल, शीर्षक असं नाव. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरी' असल्या फाइली बघून बघून माझे डोळे थकलेत, त्यामुळे मनात म्हटलं, पोरगं शिस्तीचं आहे.

२०२४ साली आलेल्या झोटेरोच्या सातव्या आवृत्तीत एक सोय मला फार आवडते. नोंद निवडली की उजव्या पट्टीत जोडलेल्या फाइलचं पान दिसतं. फाइल उघडावी लागत नाही. मी खालच्या बाणाची कळ दाबत निघालो. शीर्षक बघायचं, पान बघायचं, पुढे. डाऊनी या द्राक्षरोगावरच्या एका लेखापाशी बोट थांबलं. उजवीकडे गाव नमुना सात. खाली बारा. चक्क सातबारा.

"अरे, हे काय?"

तो आधी लाजला, मग एकदम उजळला. "सर, हाच शोधत होतो! पीक कर्जासाठी काढला होता, सापडतच नव्हता."

हसून झाल्यावर मात्र माझ्या पोटात गोळा आला. सातबारा आहे म्हणून निदान नजरेत भरला. चुकीच्या नोंदीला दुसरा एखादा शोधनिबंधच चिकटला असेल तर?

तसंच होतं. फवारणीच्या धावपळीत त्याने डाउनलोड केलेल्या फाइली गठ्ठ्याने झोटेरोत ओढल्या होत्या. दोन नोंदींच्या मधल्या रेषेवर फाइल सोडली तर ती सुटी राहते आणि झोटेरो तिची माहिती स्वतः शोधतो. नोंदीवरच सोडली तर ती त्या नोंदीची होऊन बसते. वर या पठ्ठ्याने सगळ्या निवडून 'नोंदीवरून फाइलला नाव द्या' ही आज्ञा चालवलेली. सातबाऱ्यालासुद्धा लेखक, साल आणि इंग्रजी शीर्षक मिळालं होतं! फोल्डर उघडून कितीही तपासलं असतं तरी काही कळलं नसतं. झोटेरो नाव देताना फाइलच्या आत डोकावत नाही. नोंदीत जे लिहिलंय तेच फाइलला देतो.

सगळ्यात वाईट प्रकार प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात निघाला. वाक्य होतं भुरी या द्राक्षावरच्याच दुसऱ्या रोगाबद्दल: पानावर पाण्याचा थर नसला तरी हिचे बीजाणू रुजतात. वाक्य अगदी बरोबर. पण त्याला आधार म्हणून दिलेली नोंद डाऊनीची, आणि डाऊनीला तर पान ओलं लागतंच. त्याने वाचला होता भुरीचाच लेख, पण तो डाऊनीच्या नोंदीखाली जाऊन बसला होता. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने तो संदर्भ उघडला असता तर काय झालं असतं, हे त्याला सांगावं लागलं नाही. "सर, आमच्या वडिलांनीसुद्धा पकडलं असतं हे," तो म्हणाला.

मग बैठक मारली. चुकीची फाइल नोंदीतून बाहेर काढायची, माहिती शोधायला लावायची, खरी नोंद तयार झाली की प्रबंधातला संदर्भ बदलायचा. स्कॅन केलेल्या जुन्या लेखांत अनेकदा अक्षरं नसतात, नुसती चित्रं असतात. तिथे झोटेरोला काही सापडत नाही. पान मोठं करून शीर्षक वाचायचं आणि हाताने भरायचं. संध्याकाळी शिपाई किल्ल्या वाजवत दोनदा डोकावून गेला.

शेवटी एका नोंदीपाशी उजवी पट्टी रिकामीच राहिली. मिलार्दे, १८८५. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक डाऊनीवर चालतं हे सांगणारा फ्रेंच शास्त्रज्ञ. नोंद होती, फाइल नव्हती.

"हा मूळ फ्रेंच लेख वाचलास?"

"नाही सर. एका इंग्रजी आढावा लेखात उल्लेख होता."

"मग त्या लेखाचं नाव टाक."

तो जरा हिरमुसला. १८८५ सालचा संदर्भ सूचीत भारदस्त दिसतो, हे मलाही मान्य आहे. पण त्याने ती नोंद काढली आणि आढावा लेखाची पीडीएफ शोधायला घेतली.