शून्याचा घोळ

मालवणात मी 'गुडघ्यांचा डॉक्टर' आहे. मी डॉक्टर नाही, मिनेसोटात एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये सेन्सर बनवतो, हे सांगून थकलो. मे महिन्यात घरी आलो की जांभ्याच्या पायऱ्या चढून धापा टाकत आलेले काका-काकू पडवीत टेकतात आणि चहाच्या आधी गुडघा पुढे करतात. यंदा तर आतेभावाचाच फोन. कबड्डीत पकड करताना एसीएल फाटलं, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारं एक लिगामेंट. म्हणाला, "दादा, मगे तुझा ता सेन्सर माका लाव मरे!"

तर तो सेन्सर म्हणजे लिगामेंट किती ताणलं जातं ते मोजणारी सिलिकॉनची बारीक नळी. आतली पोकळी 0.3 मिलिमीटर, तीत गॅलियम आणि इंडियमचा द्रव मिश्रधातू, दोन्ही टोकांना तांब्याची तार. नळी ताणली की आतला धातू लांब होतो आणि बारीकही होतो. त्यामुळे लांबी 1 टक्का वाढली की विजेचा रोध साधारण 2 टक्के वाढतो. झालं, इतकंच! पण 20 मिलिमीटरच्या नळीचा रोध मुळात 0.08 ओहमच्या आसपास. जोडलेल्या तारांचाच त्याहून जास्त भरतो. भरताना हवेचा एक बुडबुडा राहिला तरी नळी कचऱ्यात.

पूर्वी यात पारा असे. 1953 साली व्हिटनी या संशोधकाने रबरी नळीतल्या पाऱ्यावरून हातापायांच्या आकारमानातला फरक मोजला, पुढे तशाच नळ्या गुडघ्याच्या लिगामेंटवर बसल्या. पारा विषारी, म्हणून आता गॅलियम. शुद्ध गॅलियम 29.8 अंशांना वितळतं, म्हणजे मालवणच्या मे महिन्यात फळीवर ठेवल्या ठेवल्या त्याचं पाणी. इंडियम मिसळला की ते 15.5 अंशांपर्यंत पातळ राहतं. मिनेसोटाच्या जानेवारीत खिडकीपाशी तेही गोठायला बसतं.

देहदानातून आलेल्या गुडघ्यावर आम्ही ही नळी टाक्यांनी शिवतो. लिगामेंट सुकू नये म्हणून कोणीतरी सतत सलाईन फवारत असतं. ताण मोजायचे नेहमीचे, पातळ पत्र्याचे गेज त्या ओल्या, मऊ पृष्ठभागावर धरतच नाहीत. आणि एवढं सगळं जमल्यावर खरं भांडण सुरू होतं: शून्य कुठे धरायचं, म्हणजे कुठल्या लांबीपासून ताण मोजायचा?

धक्क्याला बांधलेल्या होडीचा दोर आठवा. लाटेबरोबर तो सैल पडतो, ताठ होतो. पण नेमका कुठल्या क्षणी ताठ झाला? लिगामेंटचंही तसंच. 20 मिलिमीटरच्या नळीवर शून्य 0.2 मिलिमीटरने सरकलं तर उत्तर थेट 1 टक्क्याने हलतं. धातूच्या करामतीवर लोक भरभरून लिहितात, या शून्यावर फार कमी, आणि माझा अर्धा पगार त्याचाच आहे.

तो 1 टक्का किरकोळ नाही. व्हरमाँटच्या संशोधकांनी दुसऱ्या जातीचा सेन्सर जिवंत माणसांच्या एसीएलवर, जागा बधिर करून, बसवला होता. बैठका मारताना लिगामेंट सुमारे 3.6 टक्के ताणलं गेलं, जागेवरची सायकल चालवताना 1.7 टक्के.

हे आतेभावाला सांगितलं तेव्हा तो खूश झाला, कारण त्याच्या फिजिओनेही आधी सायकलच दिली होती. सेन्सरचं मात्र नाही म्हणालो. त्यासाठी गुडघा उघडावा लागेल. मग त्याने ऑनलाइन दिसलेला एक 'स्मार्ट' पट्टा दाखवला. कातडीवरचा पट्टा गुडघा किती वाकला ते सांगेल, आतलं लिगामेंट किती ताणलं ते नाही. ते पैसे फिजिओलाच दे म्हटलं.