ब्लाऊज उसवताना

आत माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, भरपूर आहे, एक टीप काढली की ब्लाऊज बसेल, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. कापडाची वाट लागते ती पुढच्या दहा मिनिटांत. दोन-तीन टाके कापले जातात आणि मग दोन्ही पदर धरून टर्रकन ओढले जातात. जाड सुती कापड हे सोसतं. रेशीम, खण, ऑर्गंझा यांचं मात्र उलट होतं. पॉलिस्टरचा दोरा कापडाहून चिवट असतो, तो तुटत नाही. तुटतात ते कापडाचे धागे, आणि शिवणीच्या कडेनं विरल्यासारखी जाळी पडते.

आधी कुठली टीप काढायची ते ठरवा. बहुतेक शिंपी बाहीच्या टोकापासून काखेतून कमरेपर्यंत दोन-तीन समांतर टिपा मारून ठेवतात. काढायची ती अंगालगतची, मायेच्या काठाकडची नव्हे. दोन टिपांमध्ये पाव इंच अंतर असेल तर एका बाजूला पुढचा-मागचा भाग धरून अर्धा इंच सुटतो, दोन्ही बाजू मिळून एक इंच. हात लावण्यापूर्वी दुसरी टीप पूर्ण आहे का, अस्तर तिच्यात धरलंय का, ती काखेपाशी मध्येच तुटली नाही ना, हे बघून घ्या. तसं नसेल तर नवी टीप आधी मारा, जुनी नंतर उसवा. उलट क्रमानं केलं तर चारही पदर पुन्हा जुळवत बसावं लागतं.

मशीनच्या टिपेत दोन दोरे असतात, वरचा सुईचा आणि खालचा बॉबिनचा. ते कापडाच्या आत एकमेकांत अडकतात. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी शिवण निरखा. एका बाजूचा दोरा टाक्यांत न बुडता तारेसारखा सरळ पडलेला दिसला तर शिवताना दोऱ्याचा ताण बिघडलेला होता, आणि तुमचं काम सोपं झालं: तो दोरा दर तीन-चार इंचांवर कापून ओढला की अख्खा निघून येतो. ताण बरोबर असेल तर एका बाजूचा दर चौथा टाका कापा. इंचाला दहा टाके धरले तर साधारण दर सेंटिमीटरला एक. मग पालथं करून दुसऱ्या बाजूचा दोरा हलके ओढा. कापडाला चुण्या पडायला लागल्या की थांबा. मध्ये एखादा टाका कापायचा राहिलाय, तो शोधा. जोर लावू नका.

टोकांना उलटसुलट टीप मारलेली असते, तिथे टाक्यांवर टाके बसतात. सुरुवात तिथून करूच नये. इंचभर आतून उसवत या, टोक शेवटी एकेक टाका उचलून सोडवा.

रिपर म्हणजे टाके कापायचं दोन टोकांचं छोटं हत्यार. त्याचं लांब टोक टाक्याखाली घालून दोरा बेचक्यातल्या धारेपर्यंत सरकू द्यायचा. आखूड टोकावरचा लाल मणी शोभेचा नाही. दोन पदरांमधून रिपर सरळ ढकलत नेताना मणी खाली, कापडाकडे ठेवतात, म्हणजे टोक घुसत नाही. ही पद्धत झपाट्याची आहे, पण रेशमावर मी ती सुचवणार नाही. धार गेली की रिपर कापत नाही, दोरा खेचतो. तेव्हा नवा आणावा, तो काही महाग नसतो. कसलेले कारागीर अर्धं ब्लेड वापरतात: शिवणीचं एक टोक मशीनच्या फूटखाली दाबायचं, दुसऱ्या हातानं पदर ताणून उघडायचे आणि दिसणाऱ्या टाक्यांना फक्त धार टेकवायची. बघायला सुरेख, पण सवय नसेल तर टाक्यांऐवजी कापडच चिरतं.

कडेचं ओव्हरलॉक, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून काठावर घातलेली वेटोळ्यांची शिवण, काढायचं असेल तर वेटोळ्यांच्या मागे लागू नका. तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकमध्ये सुईचा दोरा कडेपासून आत सरळ टिपेसारखा दिसतो. तो जागोजागी कापून ओढून काढला की कडेचे दोन्ही दोरे आपोआप सुटतात.

उरलेले दोऱ्याचे तुकडे चिमट्यानं वेचा. सुतीवर चिकटपट्टी चालते, पण जरीवर आणि मखमलीवर लावू नका. जरीचा वर्ख आणि मखमलीची लव तिच्याबरोबर येऊ शकते. सुईची भोकं सुती कापडात नखानं आडवं-उभं घासून ओलसर कपड्यावरून इस्त्री फिरवली की बरीच बुजतात. रेशमावर पाण्याचा डाग पडू शकतो, म्हणून आधी मायेवर करून बघा. सॅटिन आणि टाफेटावर भोकांची रेघ बहुधा राहते. रेक्झिनवर तर कायमची. आणि जुना ब्लाऊज असेल तर सुटलेली पट्टी बाकीच्या कापडापेक्षा गडद दिसेल, कारण आत दडल्यामुळे ती इतकी वर्षं उन्हात आणि घासण्यात तेवढी सापडलेली नाही. ती बाहीखाली लपते. कमरेशी दिसते.